घशातला उजेड

स्कॅनच्या पडद्यावर बाईंचं अख्खं शरीर करड्या रंगात उभं होतं, आणि गळ्यात दोन ठिपके लखलखत होते. एक डावीकडे, एक उजवीकडे. शेजारी बसलेल्या लेकीनं खुर्ची पुढे ओढली.

"कॅन्सरच्या जुन्या जागी काहीही नाही," डॉक्टर म्हणाले. "पोट स्वच्छ, फुप्फुसं स्वच्छ. फक्त हे दोन." त्यांनी पेनाचं टोक पडद्यावर टेकवलं. "मॅडम, इंजेक्शन दिल्यावर तासभर गप्प पडून राहायला सांगितलं होतं. काही चघळलं का? बोललात का कुणाशी?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"अजिबात?"

"हूं की चूं नाही."

दाराशी नर्स उभी होती. तिनं सकाळी दोनदा बजावलं होतं. बाईंनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

डॉक्टरांनी मान हलवली. "मग मला हे गंभीर धरावं लागेल. गळ्यातला तुकडा काढून तपासू," असं म्हणून ते टाइप करायला लागले. आजार परत आला होता की नाही, एवढंच लेकीला जाणून घ्यायचं होतं, आणि आता तिला ते ऐकवेना. पाणी आणते म्हणून ती बाहेर सटकली.

बाहेर, व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर एक ट्रक ड्रायव्हर आपल्या रिपोर्टची वाट बघत बसला होता. सकाळी तो आणि बाई एकाच खोलीत, मध्ये पडदा ओढून, पडून होते. लेकीला रडताना बघून तो गडबडला.

"ताई, काय झालं? बाई बऱ्या आहेत ना?"

"घशात काहीतरी निघालंय."

"घशात?" ड्रायव्हर उठूनच उभा राहिला. "अहो, काहीतरीच काय! आवाज तर चांगला खणखणीत होता. तासभर शिकवत होत्या मला."

लेकीचं रडणं जागच्या जागी थांबलं. "काय करत होत्या?"

"चूक माझीच. मी नुसतं विचारलं, बाई, ही किरणं अंगात सोडलीत, ती बाहेर पडतील ना? झालं! गाडी सुटली. म्हणे, औषधातून एक एवढासा कण निघतो. आपल्या अंगात त्याचा उलटा जोडीदार असतोच. दोघं भेटले की दोघंही संपतात, वजनासकट. आणि त्यांच्या जागी निघतो प्रकाश. डोळ्यांना न दिसणारा. एक किरण इकडे, एक तिकडे. मशीन ते दोन्ही पकडतं आणि कुठून निघाले ते सांगतं." ड्रायव्हरनं दोन्ही हात फैलावून दाखवले. "मी म्हटलं, मग माझं वजन किती उतरेल? तर हसल्या आणि गणितच मांडायला लागल्या. प्रकाशाचा वेग, त्याचा वर्ग. ते काही टाळक्यात शिरलं नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. पण खरं सांगतो ताई, माझी भीती पार पळाली."

लेक तशीच आल्या पावली आत घुसली. "आई! तू बोललीस!"

बाईंनी मान खाली घातली. पस्तीस वर्षं 'कोण बडबडतंय तिकडे?' म्हणून वर्ग गार करणारी ही बाई, आणि आता कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "तो बिचारा घाबरला होता गं," त्या पुटपुटल्या. "थरथरत होता. मी हळूच बोलले."

"किती वेळ?" डॉक्टरांनी टाइप करणं थांबवलं.

"तासभर. म्हणजे, वस्तुमान पाऊण तासात झालं. ऊर्जेला वेळच पुरला नाही."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले आणि मोठ्यानं हसले. "अहो मॅडम, भौतिकशास्त्र एवढं पक्कं आणि जीवशास्त्र कच्चं? औषध साखरेवर बसवलेलं असतं. जो स्नायू राबतो, तो साखर ओढतो. तुम्ही तासभर बोललात, घशानं तासभर साखर खाल्ली. तेच चमकतंय. दोन्ही बाजूंना अगदी सारखं, बघा. म्हणून तर खोदून खोदून विचारत होतो. खरं सांगायला काय झालं होतं?"

"यांनी दोनदा बजावलं होतं," बाई नर्सकडे बघून म्हणाल्या.

नर्सनं कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी मघाची ओळ पुसून टाकली. "खात्रीसाठी जाता जाता खाली घशाच्या डॉक्टरांना दाखवा, ते दुर्बिणीतून बघतील. पण मी आजार लिहीत नाही. सुटलात."

हसावं की आईला चांगलं झापावं, लेकीला कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. बाई निमूटपणे ऐकत राहिल्या. मग फाइल घेऊन त्या बाहेर आल्या, त्याही निमूटपणे, ओठ घट्ट मिटून, एक हात गळ्यावर ठेवून.

दहा पावलं झाली, वीस झाली. आई बोलेना. आता लेकीलाच ते सोसेना.

"आई, बोल ना गं."

"काय बोलू?"

"काहीही. ते ऊर्जेचं राहिलंय ना?"

बाईंनी गळ्यावरचा हात काढला. "मधूनच कसं कळेल तुला? पहिल्यापासून सांगावं लागेल."

समोरच्या बाकावर ड्रायव्हर भिंतीकडे सरकला आणि त्यानं लेकीला जागा करून दिली.