बकरी नेणारा

गोंडपिपरीकडच्या रानात वाघानं एलियाच्याच वस्तीतली बाई नेली, तेव्हा वनखात्यानं पिंजरा लावला. रोज संध्याकाळी त्यात बकरी नेऊन बांधायचं आणि सकाळी सोडवून आणायचं काम रोजंदार एलियाकडे आलं. वाघ काही येईना. त्याच्या गैरहजेरीचा फायदा बकरीनं घेतला. तिनं एलियाला लळा लावला. दिवसभर मागं मागं हिंडायची. नेताना आता दोरही लागत नव्हता. नेऊ नये तर लेकरांच्या वाटेवर वाघ, न्यावी तर रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर त्यानं पाळकसाहेबांना चर्चच्या दारातच गाठलं. बकरी पायरीशी बसली होती.

"साहेब, मले दुसरं काम पाहा ना कुठी. माह्या हातून हे होऊन नाई राह्यलं."

पाळकसाहेबांच्या अंगातून प्रवचन अजून उतरलं नव्हतं. "अरे वेड्या, कोणतंही काम देवाचंच असते. प्रभू येशूही कोकरू होऊन सगळ्यांसाठी गेला ना? तशीच ही तुझी बकरी."

"कोकरू कोन ते तं समजलं, साहेब. पन त्याले नेऊन देनारा कोन होता?"

निरोप देताना पाळकसाहेब माणसाच्या पाठीवर हात ठेवत. आज तो हात मधेच राहिला.

दिवस कलला. बकरी उठली, अंग झटकलं आणि रोजच्या सवयीनं एलियाच्या पुढं पिंजऱ्याच्या वाटेला लागली.