एक इंच

"साडेबारा. थांब, हलू नकोस. हो, साडेबाराच."

टेलर मास्तरांनी बायकोच्या मानेभोवतीची टेप काढली आणि मापांच्या वहीत शेवटच्या पानावर आकडा लिहिला. सात महिन्यांपूर्वी तिथे साडेतेरा होते. अख्खा एक इंच कमी, तोही कुठे टोचून न घेता. आज वही दाखवून डॉक्टरीणबाईंची बोलतीच बंद करायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

थायरॉइडची गाठ सापडली तेव्हा बाईंनी पंधरा दिवसांत सुई घालून तपासून घ्यायला सांगितलं होतं. मास्तरांचा जन्म सुई चालवण्यात गेलेला, पण या सुईची त्यांना भीती वाटली. घरी येऊन त्यांनी वेगळंच सांगितलं. "कापड एकदा कापलं की कापलं. आधी तुझं खाणं ताळ्यावर आणू."

मग दुकानात माप द्यायला येणारा जो तो वैद्य झाला. कोबी गेला, फ्लॉवर गेला, मुळा, शेंगदाणे, सोयाबीन गेलं. कोट शिवायला आलेल्या एकाच्या साडूला दूध सोडून बरं वाटलं म्हणून तेही बंद झालं. शेवटी ताटात भात आणि उकडलेला भोपळा उरला. बायको खाण्याची भारी शौकीन. एकदा शेजारणीकडे फ्लॉवरची भाजी खाताना सापडली, तर मास्तर तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आधी तरी ते काय गोड बोलत होते म्हणा. तिच्या हातची शिवण, तिचं चालणं, तिचं हसणं, सगळ्यालाच ते नावं ठेवत आले होते.

पण चौथ्या महिन्यापासून ती आपणहून अर्धं ताट बाजूला सारू लागली. मास्तर हरखले. गिऱ्हाइकांसमोर सांगू लागले, "जिभेवर ताबा असावा तर हिच्यासारखा. शिका जरा." मागे काजं करत बसलेली बायको मान खाली घालून लाजायची.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वही उघडलीही नाही. त्यांनी मान चाचपली, सोनोग्राफीचं मशीन फिरवून पाहिलं, मग पाण्याचा पेला पुढे केला. एका घोटाला बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गाठ दुपटीहून मोठी झालीय," बाई म्हणाल्या. "आतून अन्ननलिका दाबतेय. लक्षण चांगलं दिसत नाही."

"पण मान तर इंचभर..."

"मान बारीक झाली, कारण माणूस वाळलंय. चौदा किलो वजन उतरलंय हिचं. पथ्याने गाठ आटत नसते, मास्तर. कोबी शिजवून खाल्ला असता तरी काही बिघडलं नसतं. तपासणीचे सात महिने गेले, ते मात्र आता परत मिळायचे नाहीत." त्या बायकोकडे वळल्या. "गिळायला कधीपासून त्रास होतोय?"

"चार महिने होत आले."

मास्तर ताडकन उठले. "अगं, मग बोलली का नाहीस?"

तिने पेला जपून टेबलावर ठेवला.

"सांगणारच होते," ती म्हणाली. "पण तीस वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही चारचौघांत माझं कौतुक करत होतात."