वरातीची घोडी

डॉक्टरीणबाईंनी घोडीच्या फासळ्यांवरून हात फिरवला, पोटाला नळी लावून ऐकलं आणि विचारलं, "खायला काय देता, काका?"

"हरभरा, मॅडम. भिजवून, गूळ घालून. दोन टायमाला घमेलंभर," उद्धव जमिनीकडे बघत म्हणाला. "तरी वाळूनच राहिली. चार पावलं चालली की उभी राहती. अन् लगीनसराई तोंडावर आली."

"चारा?"

"चारा... असला तर."

"तिथंच चुकलं. घोड्याचं पोट चाऱ्यावर चालतं. नुसत्या हरभऱ्यानं पोट फुगतं, दुखतं, अंगी काही लागत न्हाई."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. हट्टा गावात चाळीस वर्षं वरातीच्या घोड्या पाळणाऱ्या माणसाला सत्तावीस वर्षांची पोर चारा कसा घालायचा ते शिकवत होती.

पण उद्धवची मान त्यासाठी खाली नव्हती. दवाखान्यातून कोण येणार हे त्याला ठाऊक नव्हतं. गोठ्यात शिरताना तिने सांगितलं, "मी करुणा. जळबांची मुलगी," आणि त्याला पळून जावंसं वाटलं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी जळबाच्या वरातीला त्याने घोडी कबूल केली होती. मग गावातली बडी मंडळी कुजबुजली, बौद्धवाड्यातला नवरदेव घोडीवर बसणार? उद्धवने कच खाल्ली. लग्नाच्या सकाळी जळबा दारात आला तेव्हा त्याने सांगून टाकलं, "घोडीच्या पोटात दुखून राहिलं. उभीच राहीना." धडधाकट घोडी मागच्या अंगणात कडबा खात होती. जळबा वरातीत पायीच गेला.

तेव्हापासून जळबा बाजारात दिसला की उद्धव दुसऱ्या गल्लीत शिरायचा. दोनदा जळबाने मागून हाक मारली, तरी तो थांबला नाही. शिव्या ऐकायची छाती नव्हती.

करुणा कागदावर लिहीत होती. कडब्याची कुट्टी आणि वाळलं गवत दिवसभर पुढ्यात हवं. हरभरा निम्म्यावर, तोही तीनदा वाटून. मिठाचा खडा, भरपूर पाणी, जंताचं औषध.

"एकदम बदलू नका. आठ-दहा दिवसांत हळूहळू. महिनाभरात अंग धरेल, काका."

तिने बॅग उचलली तसं उद्धवला राहवेना. आज बोललो नाही तर या जन्मात बोलणार नाही, हे त्याला कळत होतं.

"पोरी, तुझ्या बापाच्या वरातीला मी घोडी दिली न्हाई..."

"माहीत हाय मला. आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत हाय."

उद्धवने गव्हाणीला धरलं.

"पोटात दुखत होतं ना तिच्या," करुणा म्हणाली. "बाबा अजून हळहळतात. आसपास जनावरांचा डॉक्टर न्हाई, मुकं जनावर तळमळून राहिलं अन् आपण वाजतगाजत गेलो, म्हणतात. त्यापायीच तर मला या शिक्षणाला घातलं त्यांनी. आज तुमच्याकडं येऊन राहिले म्हणलं, तर एकच गोष्ट विचारून ये म्हणले."

"काय?"

"वाचली होती का ती घोडी?"