बाजूला बसली होती

"डॉक्टरीणबाई, तुम्ही फक्त दिवस मोजा," चंद्रकांताबाई पदर खोचत म्हणाली. "बाकी आमचं आम्ही पाहून घेऊ."

सून राखी छताकडे बघत टेबलावर पडली होती. अर्जुनी मोरगावच्या या दवाखान्यात सासूच तिला घेऊन आली होती, आणि कारण लपवायचीही तिला गरज वाटली नव्हती. माहेरी जायच्या आधी राखी बाजूला बसली होती. त्यांच्या घरात पाळी लपत नाही. बाई बाहेरच्या पडवीत बसते, ताट दुरून सरकवतात. ते ताट चंद्रकांताबाईनेच सरकवलं होतं. राखी तेव्हा म्हणालीही होती, "आई, एकदाच थोडंसं गेलं, मंग काहीच नाही." पण ऐकतं कोण! पडवीतून उठली ती थेट माहेरी गेली. नवरा पीयूष महिनाभर तिकडे फिरकला नाही, आणि राखी परतली ती दिवस गेलेली. चंद्रकांताबाईने काय समजायचं ते समजून घेतलं. नणंदेला सांगितलं, नणंदेने मोहल्ल्याला. पीयूष खालमानेने ऐकत राहिला.

डॉक्टरीणबाईने सोनोग्राफी मशीनच्या पडद्यावर बोट ठेवलं.

"काकू, ती पाळी नव्हतीच. गर्भ पिशवीच्या अस्तरात रुजतो ना, त्या सुमारास कधी कधी असं थोडं रक्त जातं. दिवस ती माहेरी जायच्या आधीचेच भरतात. तुमच्याच घरी रुजलाय तो. हे बघा, ठोके. आता त्याच जागी वार तयार होतेय, तिच्यातूनच बाळ पोसलं जाईल."

चंद्रकांताबाईचा जन्म धानाच्या बांध्यांत रोपं रोवण्यात गेलेला. रोवलेला पऱ्हा आधी पिवळा पडतो, मग जीव धरतो. पिवळा पडला म्हणून तिने कधी एकही उपटून फेकला नव्हता. आणि घरच्या पोरीला मात्र तिने उपटून फेकायला घेतलं होतं. तिला लाज वाटली, अशी की डॉक्टरीणबाईच्या तोंडाकडे बघायची हिंमत होईना.

दोघी बाहेर आल्या, तिथे बाकावर बाया बसल्या होत्या. त्यांच्या देखतच तिने राखीचा हात धरला.

"चुकलं माझं, पोरी. आता पटलं मले. मोहल्ल्यातही मीच सांगतो, घरोघरी जाऊन."

राखीने हात सोडवून घेतला नाही. रागावलीही नाही. नुसतं विचारलं,

"आन् मशीन नसती तं, आई?"