अकरा की बारा

हेल्लेवीने नेमबाजीच्या मैदानावर वाळूत पडलेलं पिस्तुलाचं मॅगझीन उचललं आणि चालता चालता थांबली. मॅगझीनच्या पाठीवरच्या भोकांतून तिने आतल्या गोळ्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

वीस पावलांवरून कैसू ते पाहत होती. तिची फेरी संपली होती; पिस्तूल रिकामं करून पंचांना दाखवून झालं होतं, कमरेला परत गेलं होतं. सुरुवातीला मॅगझीनमध्ये पंधरा गोळ्या आणि नळीत एक, हा नियम. एक जरी जास्त निघाली तर खेळाडू त्या पिस्तूल-वर्गातून बाद, आणि फिनलंडच्या संघातलं कैसूचं नाव गेलंच म्हणायचं. डावीकडच्या सहा लक्ष्यांवर दोन-दोन अशा बारा झाडून तिने मॅगझीन बदललं होतं. एक नळीत राहिली. म्हणजे टाकलेल्या मॅगझीनमध्ये तीन हव्यात. तीनच हव्यात.

पण सकाळी स्वयंपाकघरात गोळ्या भरताना आईचा फोन आला होता. फोन ठेवल्यावर पुन्हा मोजल्या होत्या का? काही केल्या आठवेना.

आणि मॅगझीन सापडलं कुणाला, तर हेल्लेवीला! खेळून झालेल्याची मॅगझीन इतरांनी उचलून द्यायची ही इथली रीत. पण आणखी आठ जण होते की. कैसू गळली तर यादीत पुढचं नाव हेल्लेवीचंच. शिवाय गेल्या वर्षी कैसू पंच होती, तेव्हा हेल्लेवीच्या मॅगझीनमधली जास्तीची गोळी तिनेच पकडली होती. "अगं, एक गोळी झाडायचीच राहिली माझी," हेल्लेवी रडकुंडीला येऊन सांगत होती. "सापडल्यावर सगळे असंच म्हणतात," असं कैसू म्हणाली आणि चारचौघं हसली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

हेल्लेवी सरळ पंचांकडे गेली. म्हातारे ताइस्तो पुढच्या खेळाडूला हाक मारायच्या बेतात होते.

"ताइस्तो, हिच्या मॅगझीनमध्ये चार आहेत."

करावं तसं भरावं, दुसरं काय! कैसू कशीबशी पुढे आली.

"सोळा भरल्या गेल्या असतील माझ्याकडून. काढा मला."

"तू गप्प बस गं!" हेल्लेवी खेकसली. वर्षभरात कैसूशी ती पहिल्यांदाच बोलत होती. "ताइस्तो, टायमर पुसू नका. आधी मोजा."

टायमर प्रत्येक गोळीचा आवाज टिपून ठेवतो; पुढच्या खेळाडूच्या आधी पंच त्या नोंदी पुसतात. ताइस्तोंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक नोंद पुढे ढकलत पुटपुटू लागले. नऊ. दहा. अकरा. त्यानंतर मॅगझीन बदलतानाची दीड सेकंदाची शांतता.

"अकराच की!" ते म्हणाले. "डावीकडच्या शेवटच्या लक्ष्यावर एकच मारलीस, बाई. दहा गुण गेले. पण मॅगझीन बरोबर होतं."

कैसूचा जीव भांड्यात पडला. संघातली जागा शाबूत होती. मग तिची नजर ताइस्तोंच्या हातातल्या टायमरवर गेली आणि तिथेच खिळली.

"हेल्लेवी," ती म्हणाली. "म्हणजे गेल्या वर्षी तूही..."

"अकरा," हेल्लेवीने मॅगझीन तिच्या हातात ठेवलं. "टायमर बघ म्हणून विनवत होते मी. तू माझ्याकडे बघत बघत तो पुसलास."