सासऱ्यांचा ताप

"बटणवालीच्या सासऱ्यांना ताप आहे," असं फोनवर कारखान्यातल्या मास्तरांना सांगून काजवालीने जीभ चावली. पण शब्द गेला तो गेला.

मास्तरांनी विचारलं होतं ते साधंच. साथीत बंद पडलेला शिलाईचा कारखाना उद्या उघडणार होता, पण निम्म्याच बायका घ्यायच्या होत्या. शर्टाची काजं आणि बटणं आता एकीनेच करायची. "तिच्या घरी कुणी आजारी आहे का?" एवढाच प्रश्न. उत्तर ऐकून ते म्हणाले, "बरं, मग तूच ये."

दोघींची मशिनं वर्षानुवर्षं शेजारी. एकीने भोकं पाडायची आणि दुसरीने ती झाकायची, अशी सगळी लाइन त्यांची चेष्टा करायची. काजवालीच्या घरी दुसरं कमावणारं माणूस नव्हतं, म्हणून ती खोटं बोलून बसली. पण दुपारी ती जेवायला बसली. स्वतःचीच इतकी लाज वाटली, की ती ताट सारून मैत्रिणीकडे निघाली. खरं सांगून टाकायचं, मग काम गेलं तरी चालेल.

रोज ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची खोड काढणारे सासरे आज ओट्यावर नव्हते. आत खाटेवर पडले होते, गळ्यापर्यंत पांघरूण, कपाळावर ओली घडी. कण्हत होते.

काजवालीला आईचे शब्द आठवले. तुझी जीभ काळी आहे, असं आई लहानपणी म्हणायची. या वयात माणसाला साथीचा ताप म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं.

बटणवालीने घाईने दार लावून घेतलं. "कुणाबरोबर आलीस? मास्तरांनी कुणाला बघायला पाठवलं नाही ना?"

"नाही गं, एकटीच आले. मला तुला एक सांगायचंय."

"मग उठा मामंजी. ही आपलीच आहे."

सासऱ्यांनी पांघरूण भिरकावलं. "उकडून जीव गेला माझा," म्हणत ते पंख्याखाली जाऊन बसले.

"मास्तरांनी आधी मलाच विचारलं होतं," बटणवाली हळूच म्हणाली. "आमच्या यांचा पगार अर्धा का होईना, चालू आहे. तुझं कसं व्हायचं? आणि नुसतं नको म्हटलं असतं, तर पुढे कधी बोलावलंच नसतं मला. म्हणून सांगितलं, सासऱ्यांना ताप आहे, तिला घ्या. खात्री करायला तुला विचारतीलच ते. माझ्यासाठी एवढं एक खोटं बोलशील ना?"