उणे अडतीस

यंत्राच्या चिमुकल्या पडद्यावर उणे अडतीस आकडा होता आणि दादा पोट धरून हसत होता.

"चिमे, आमच्या स्वयंपाकघरात विष शून्याहूनही कमी! इतकी शुद्ध हवा कुठे मिळते गं?" हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. वहिनीने पाण्याचा पेला त्याच्यापुढे आदळला.

बहिणीला हसू आलं नाही. हे यंत्र तिने प्रयोगशाळेत रक्त आटवून बनवलं होतं. आत एक पापुद्रा होता, अणूंच्या एकाच थराचा. लांबी-रुंदी होती, जाडी जवळजवळ नव्हतीच. अमोनियाचे कण त्यावर टेकले की त्यातून वाहणारी वीज बदलायची आणि पडद्यावर आकडा चढायचा. दादा बर्फाच्या कारखान्यात यंत्रघर सांभाळायचा. तिथल्या नळ्यांतून अमोनियाच खेळायचा. तिच्या शिक्षणासाठी दादाने हाडाची काडं केली होती, म्हणून पहिलं यंत्र तिने त्याला दिलं.

वहिनीने मात्र पहिल्यापासून नाक मुरडलं होतं. "यांच्या शर्टाला वास येतो. खोकला त्याचाच आहे. सोडा ती नोकरी." दादा यंत्र पुढे करायचा. शून्य. रोज शून्य. त्या शून्याच्या भरवशावर त्याने यंत्रघरातल्या माणसांचे मास्कसुद्धा कपाटात ठेवून दिले होते. उगाच जीव घुसमटतो, म्हणून.

"वन्सं, तुम्ही तरी सांगा यांना," वहिनी काकुळतीला आली होती. तेव्हा बहिणीने भावाचीच री ओढली होती. "वहिनी, नाक फसतं. हे फसत नाही."

आज आपल्याला सुट्टी म्हणून दादाने यंत्र कौतुकाने घरी आणलं, आणि हा उणे आकडा. पापुद्रा फाटला की काय? ती यंत्र घेऊन गॅलरीत गेली. उणे अडतीस. परत आत आली. उणे अडतीस. बिघडलेल्या यंत्राचा आकडा भरकटतो, असा एका जागी ठाण मांडून बसत नाही.

"दादा, शून्याचं बटण कुठे दाबलंस?"

"कुठे म्हणजे? यंत्रघरात. तूच बजावलं होतंस ना, जिथे वापरायचं तिथल्या गारठ्यातच शून्य लाव म्हणून?"

बजावलं होतं. गारठ्याने आकडा चुकू नये, एवढाच विचार तिने केला होता. तिथली हवा मुळात स्वच्छ आहे का, हे विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. यंत्र बिचारं शब्दाला जागलं होतं. बटण दाबताना तिथे जो अमोनिया भरला होता, त्यालाच ते इतके दिवस इमानाने शून्य म्हणत आलं होतं.

तिला वहिनीकडे बघवेना. दादाचा खोकला पुन्हा सुरू झाला, आणि त्यातला एकेक ठसका तिच्या काळजात उतरला.

"काय गं, बिघडलं का?" त्याने विचारलं.

"नाही. ते अडतीस इथे कमी नाहीत, दादा. तिथे जास्त आहेत," ती म्हणाली. "आत्ता यंत्रघरात कोण आहे?"